आण्णा, लेफ्ट

आमच्या वाडीतल्या आण्णांनी एकदा शेळीला वाट दिली होती.

शेळी समोरून आली. आण्णा पायवाट सोडून बाजूला झाले आणि हात पुढं करून म्हणाले, "घ्या, वाट घ्या." शेळी जागची हलेना. आण्णाही हलेनात. शेळीला पुढं जायचंच नव्हतं, तिला आण्णांच्या मागची बोरी खायची होती. हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत मागं दोन बायका डोक्यावर घागरी घेऊन खोळंबल्या. त्यातली एक शेवटी म्हणाली, "आवं आण्णा, शेळीचं उरकलं आसंल तर आमाला पण वाट द्या की." आण्णा ओशाळले, आणखी मागं सरकले आणि सरळ बोरीत गेले. शेळीही पाठोपाठ बोरीत आली. बायका हसत निघून गेल्या.

बाकीचे लोक 'वाट सोड' म्हणतात, 'सर की बाजूला' म्हणतात. 'वाट घ्या' म्हणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. जणू वाट त्यांच्या कोपरीच्या खिशात होती आणि येईल त्याला ते ती काढून देत होते. कुणी संकोचून थांबलंच, तर पुढचं वाक्य ठरलेलं असायचं.

"आधी तुमी. मी काय, हितलाच."

आमची वाडी विट्याच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी आहे. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना कृष्णा, ऊस आणि हळद आठवते. ते सगळं पश्चिमेला. आमच्याकडं शाळू आणि कुसळं. त्यामुळं मिसरूड फुटायच्या आत आमची पोरं गलाईला जातात, म्हणजे सोन्या-चांदीचा चुरा वितळवून शुद्ध करायच्या कामाला, लांब लांबच्या मुलखात. आता वाडीत तीन मजली बंगले आहेत, आणि त्यांना कुलपं आहेत.

मीही तसाच गेलो. वडील आजारी पडले, नववीत शाळा सुटली, आणि कोइमतूरला दुकान घातलेल्या आमच्याच भागातल्या एका शेठला पोरगं हवं होतं. शेठजवळ शब्द टाकला तो आण्णांनी. "पोरगं भित्रं हाय, पर कामाला खोटं न्हाई," एवढंच ते म्हणाले. त्या एका वाक्यावर माझ्या घरची चूल आजपर्यंत पेटते आहे. आण्णा आमच्या भावकीतले, शेजारच्या घरातले. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू लवकर गेल्या. सगळी वाडी त्यांना आण्णा म्हणायची, आणि त्यांना बहुतेक तेवढं पुरत असावं.

निघायच्या दिवशी माझी पत्र्याची पेटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. वाडीतून बाहेर पडायचं तर तेव्हा खिंडीचीच वाट होती. डोंगर चढायचा, खिंड ओलांडायची, पलीकडं उतरलं की फाट्यावर एसटी. खिंडीत त्यांनी पेटी माझ्या डोक्यावर ठेवली, बाजूला झाले आणि म्हणाले, "घे सुभ्या, वाट घे." मी निघालो. खाली गेल्यावर मागं वळून बघितलं, तर आण्णा अजून बाजूलाच उभे. वाटेवर दुसरं कुणीच नव्हतं.

इथं कोइमतूरला थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. म्हणजे रिक्षावाला अण्णा, चहावाला अण्णा, भाजीवाला अण्णा, आणि चार पांढरे केस दिसायला लागल्यापासून मीही अण्णा. सुरुवातीला कुणी मागून "अण्णा" म्हणून ओरडलं की माझी मान आपोआप वर जायची, डोंगर बघायला. समोर कापडाचं दुकान असायचं.

पुढं डोंगराला वळसा घालून डांबरी रस्ता झाला. एसटी वाडीत यायला लागली, बंगलेवाल्यांच्या गाड्या यायला लागल्या, आणि खिंडीच्या वाटेवरची वर्दळ संपली. वाट द्यायला कुणी उरलं नाही. तरी आण्णा रोज सकाळी खिंडीपर्यंत चढून परत यायचे. हातात कोयता. वाटेवर आलेली बाभळ तोडायची, घसरलेला दगड नीट बसवायचा.

"कशाला आण्णा?" मी एकदा फोनवर विचारलं. "आता डांबरी हाय की."

"डांबरीनं पावणं येत्यात रं. घरचं माणूस खिंडीतनं येतं."

आता याला काय म्हणायचं? चैतातल्या जत्रेला आमचे सगळे गलाईवाले घरी येतात, आणि झाडून सगळे डांबरीनं येतात. आम्हीही शेठच्या गाडीत दाटीवाटीनं बसून तसेच यायचो. आण्णा त्या दिवशी खिंडीत बसलेले असायचे, तोंड फाट्याकडं करून. पाठीमागं वाडी भरत राहायची. हलगी ऐकू आली की कुणीतरी त्यांना बोलवायला जायचं. "आण्णा, समदी आली." मग ते उठायचे. "आली व्हय? बरं झालं. कुठनं आली?"

आणि मग सायकली आल्या.

रविवारी सांगली-मिरजेची मंडळी फाट्यावर यायची, जाड टायरच्या सायकली गाड्यांवरून उतरवायची, खिंडीत चढवायची आणि आमच्या बाजूनं सुसाट खाली यायची. त्याच सुमाराला विट्याहून चालणारेही येऊ लागले. ते वाडीत चहा पिऊन खिंडीकडं चढायचे. आण्णांना दोघांचंही अप्रूप. वाट पुन्हा मळायला लागली, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं, घरात लग्न ठरल्यासारखं.

एका सोमवारी दुपारी आईचा फोन आला. भट्टी पेटलेली होती, तरी चिमटा खाली ठेवून मी फोन घेतला. आई म्हणाली, "आण्णा काल घायपातात पडल्यात. सायकलनं पाडलं. घाबरू नगं, हसत्यात."

झालं होतं असं. आण्णा खिंडीतून खाली येत होते. मागून एक बाई सायकलवरून येत होत्या. त्या मूळच्या साताऱ्याच्या, यवतेश्वरच्या घाटात सायकल चालवायला शिकलेल्या, आणि आता मिरजेत हाडांच्या डॉक्टर. रीतीप्रमाणं त्यांनी लांबूनच आवाज दिला, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी तुमच्या डाव्या हातानं पुढं जाते आहे, तुम्ही तिकडं येऊ नका.

आण्णांनी ऐकलं, "आण्णा, यू लेफ्ट."

आता लेफ्ट-राइट शाळेच्या कवायतीत सगळ्यांनीच केलेलं असतं. आण्णा ताबडतोब डावीकडं सरकले, अगदी सायकलीच्या पुढ्यात. सायकल, डॉक्टरताई आणि आण्णा असे तिघेही घायपातात. हाडांच्या डॉक्टरनं पाडायचं आणि तिथल्या तिथं तपासायचं, असा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो. ताई त्यांचा गुडघा चाचपत होत्या आणि आण्णा त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"ताई, तुमाला माझं नाव कुणी सांगितलं?"

"कुठलं नाव?"

"न्हवं, तुमी हाक मारलीसा की. आण्णा, लेफ्ट."

डॉक्टरताईंना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी इंग्रजी समजावून सांगितलं. आण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कोपरीत रुतलेला घायपाताचा काटा उपटला आणि म्हणाले, "म्हंजे मला हाक न्हवती."

"नव्हती," ताई म्हणाल्या. "आता मारते. आण्णा, उठा बघू. पाय टेकवून बघा."

हे मला ताईंनीच पुढं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, गुडघ्याला खरचटलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून वाटलं की फार आत कुठंतरी लागलंय. तपासून काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारपासून आमच्या डोंगरावर तोच कायदा झाला. मागून येणारा सायकलवाला ओरडायचा, "आण्णा, लेफ्ट!" पुढं आण्णा असोत नाहीतर कॉलेजची पोरगी असो. चालणाऱ्यानं लेफ्टला सरायचं, सायकलनं दुसऱ्या अंगानं जायचं. फक्त आण्णांचं लेफ्ट म्हणजे डोंगराची बाजू. उतरताना ती डाव्या हाताला येते, चढताना उजव्या. त्यांना फरक पडत नव्हता. "दरीकडं कवा लेफ्ट नस्तंय," ते म्हणायचे. "दरीकडं गेला की माणूस गेलाच."

बाकीचा कायदा त्यांचा आधीपासूनचा होता. चढणाऱ्याला आधी. "चढणाऱ्याचा दम एकदा मोडला की लवकर जुळत न्हाई. उतरणाऱ्याचं काय, त्याला पायच नेत्यात." त्यानंतर ओझंवाला. आणि दोघं सारखेच असले, तर ज्याला घाई नाही त्यानं थांबायचं. "आणि रविवारी डोंगरावर घाई कुणाला आसती, गड्या?"

पण होती. एका सायकलवाल्या पोराला घाई होती. चालणाऱ्यांचे पुढारी पवार सर, विट्याचे निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात शिट्टी घालून डोंगर चढणारे. त्यांची मंडळी रांगेनं चढत होती. ते पोरगं वरून आलं आणि न थांबता, न ओरडता सरांच्या पत्नीला चाटून गेलं. बाई मटकन खाली बसल्या. लागलं काही नाही, पण सर पेटले. आधीच त्यांच्या मनात सल होता की ही माणसं आपल्या बायकोलाही आण्णा म्हणतात. त्यांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि वरच्या कचेरीत अर्ज करून सायकली बंद पाडतो म्हणून सांगितलं. सायकलवाले म्हणाले, आम्हाला डोंगरांचा काय दुष्काळ आहे, दंडोबाला जाऊ. ते गेले. मग सरांच्या मंडळींनाही त्या वाटेवर मजा वाटेना. ती विट्यातल्या मैदानाला फेऱ्या मारू लागली.

आणि डोंगर रिकामा झाला. नेमका पाऊस होऊन गेलेला. कुसळं वाटेवर आली.

आण्णा एरवी फोनवर माझंच विचारायचे. जेवतोस का, भट्टीच्या धुरानं खोकला येतो का. या वेळी ते आपलं बोलले.

"सुभ्या, वाट मोडाय लागलीया रं. म्या एकटा किती तुडवू? माझ्या दोन पायानं वाट व्हत न्हाई. वाटंला परक्या माणसाचं पाय लागत्यात."

"आण्णा, गुडघा सांभाळा आधी."

"गुडघा ऱ्हाऊ दे. वाट मोडली तर तुमी लोक कुठनं येशीला?"

मी डांबरीचं नाव काढलं नाही. भट्टीपाशी उभा होतो. सोनं वितळवायची मूस तापून लाल झाली होती. तिकडं बघत राहिलो.

मग त्यांनी काम सांगितलं. शाळू हुरड्यात आला होता. हुरड्याचं आवतण दोघांनाही द्यायचं, सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना, एकाच रविवारी. आणि ते मी द्यायचं, कारण मी बाहेरगावी राहिलेला, मला चार माणसांत बोलता येतं, असा त्यांचा समज. मी नववीतून सुटलेला. डॉक्टरला आणि हेडमास्तरला फोन करायचा होता. दुकानामागं जाऊन वाक्य पाठ केलं. 'नमस्कार, मी आण्णांचा पुतण्या बोलतो.' पुतण्या हे जरा वाढवून झालं, पण तेवढं चालतं.

ताई म्हणाल्या, "आण्णांचा का? मग येतोच." सर म्हणाले, "हुरडा म्हणजे तत्त्वाचा प्रश्न नाही. येऊ." दुसरं कोण येणार आहे, हे मला दोघांनीही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

कणसं भाजायची आगटी आण्णांनी कुठं पेटवावी? रानात नाही, वाडीत नाही. वाटेवर एक सापट आहे, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला उतार, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. त्याच्या शेजारच्या सपाटीवर आगटी. वरून सायकलवाले आले, खालून सर शिट्टी वाजवत आले, आणि सापटीच्या दोन्ही तोंडांना एकमेकांकडं बघत उभे राहिले. आईनं तेव्हा तिथूनच मला मोबाइलवर चित्र दाखवलं. ती फोन उलटा धरते, त्यामुळं अर्धा वेळ मला तिचं कपाळच दिसलं, पण आवाज सगळे आले.

आण्णा कणसं भाजत शांत बसले होते. म्हणाले, "जो वाट दील त्याला आधी हुरडा."

सर म्हणाले, "आम्ही चढतो आहोत, पहिला हक्क आमचा."

"व्हय की. घ्या हक्क. हुरडा मग त्यास्नी."

सर थबकले. वाऱ्यानं खरपूस वास त्यांच्याकडंच जात होता. "नाही, तसं असेल तर... डॉक्टर, या तुम्ही."

"छे, सर. चढणाऱ्याला आधी. तुम्ही या."

"तुमच्याजवळ सायकली आहेत, ओझं आहे. तुम्हीच या."

"तुमच्याबरोबर वडीलधारी माणसं आहेत."

मग जे सुरू झालं ते संपेना. दोन्ही बाजूंनी या या, आधी तुम्ही, आणि कुणीच हलेना. शेवटी सरांच्या पत्नी वैतागल्या. "कणसं गार झाली," म्हणाल्या, आणि सरळ मधून चालत आल्या, आगटीपाशी बसल्या. ते धक्का देणारं पोरगं सायकल टाकून मागोमाग आलं आणि त्यांच्या पुढ्यात ओणवं झालं. "काकू, चुकलं." बाईंनी त्याच्या ओंजळीत हुरडा घातला. "पुढच्या वेळी ओरडत ये. आण्णा म्हटलंस तरी चालंल मला."

सर फक्त एवढंच म्हणाले की शिट्टीपेक्षा हाक बरी. त्यांच्या तोंडून ही मोठीच गोष्ट होती. बाभळी त्यांनी स्वतः ओढून काढल्या.

त्या संध्याकाळी आण्णांचा फोन आला. "समदी आलती. लय गोंधळ घातला. वाट तुडवून तुडवून नुसती चकचकीत केलीया बग." आणि मग, "आता कुणीबी येऊ दे. वाट हाय."

मी शेठकडं कधी जादा काही मागत नाही. या चैतात मात्र मी सांगितलं, मी गाडीतून येत नाही, दोन दिवस आधी एकटा जातो. शेठ म्हणाले, "गाडीत जागा हाय की." मी म्हणालो, "मला फाट्यावर उतरायचंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि जा म्हणाले. त्यांचेही उपकारच.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पेटीऐवजी पाठीवर पिशवी. चढताना दम लागला, भट्टीचा धूर छातीत असतोच. खिंडीत आलो आणि खाली वाडी दिसली. बंगले, कुलपं, आमचं पत्र्याचं घर. आणि वाट. खरंच चकचकीत होती. टायरच्या नक्षीवर बुटांचे ठसे, बुटांच्या ठशांवर अनवाणी पाय.

उतरायला लागलो तर खालून आण्णा चढत येत होते. हातात कोयता, मान खाली. एका पायावर जास्त भार देत. किती वाकलेत, हे फोनवर कळलं नव्हतं.

मी हाक मारली, "आण्णा."

हाक ऐकली आणि आण्णा मान वर न करता झटकन डोंगराच्या अंगाला सरकले. कातळाला पाठ लावून उभे राहिले आणि हातानं खूण केली, जावा, जावा. मी तिथंच उभा. काहीच जाईना म्हटल्यावर त्यांनी डोळे बारीक करून वर बघितलं.

"सायकल कुठाय?"

"सायकल न्हाई, आण्णा. मी हाय. सुभाष."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग माझ्या पाठीमागं, खिंडीकडं बघितलं. "खिंडीतनं आलास?"

"व्हय."

"गाडी बंद पडली काय?"

"न्हाई. चालतच आलो."

त्यांनी कोयता या हातातून त्या हातात घेतला. मग मी वाट सोडून बाजूला झालो. "या आण्णा. चढणाऱ्याला आधी. तुमचाच कायदा हाय."

"आरं, कायदा बराबर हाय," आण्णा म्हणाले. "पर आता मी चढून जाऊ कुठं? ज्याच्यासाठनं चढतुय ते तर खाली निघालंय."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझी पिशवी ओढून घ्यायला बघितली, मी दिली नाही. मग ते म्हणाले, "बरं, तू हो म्होरं. आधी तू. मी काय, हितलाच."

मी पुढं, ते मागं, असं आम्ही उतरायला लागलो. पाठीमागं त्यांची पावलं वाजत होती, एक जड, एक हलकं. सापटीच्या अलीकडं ती पावलं घाईची झाली, आणि मागून आवाज आला.

"आण्णा, लेफ्ट!"

मला वाटलं, मागून सायकल आली. मी डोंगराच्या अंगाला झालो आणि वळलो. सायकल नव्हती. आण्णाच होते, हात हलवत, दम लागलेला. जन्मभर शेळीलासुद्धा वाट दिलेला माणूस वाट मागत होता.

"सर बाजूला," ते म्हणाले. "मला म्होरं जाऊ दे. तुझ्या आईला मी सांगणार."

"गुडघा, आण्णा. सावकाश."

ते थांबले नाहीत. मला ओलांडून, कोयता वर धरून, वाकलेल्या पाठीनं जवळजवळ पळतच ते उतरले. मी कातळाला पाठ लावून उभा राहिलो. वाडीच्या पहिल्या घरापाशी पोचायच्या आधीच त्यांचा आवाज वर यायला लागला. कुलपं लावलेल्या बंगल्यांनाही ते सांगत होते.

"खिंडीतनं आलंय. आपलं पोरगं, खिंडीतनं आलंय."